वाड्यातल्या कॉलेजला येताय? आधी हे वाचा

मामाच्या पोरीचं यंदा आमच्याच कॉलेजला अ‍ॅडमिशन झालं. फॉर्म भरायच्या आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण बाईसाहेबांनी फोन केला फी भरल्यावर, आणि म्हणते कशी, "ताई, फोटोत लई भारी दिसायलंय गं, राजवाड्यावाणी." मग तिला दीड तास सगळं सांगत बसले. नंतर वाटलं एवढा घसा कोरडा केलाच आहे तर लिहूनच टाकावं, दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं.

कॉलेजचं आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढं तक्रारी पण आहेत आणि सर लोक अजून तिथंच आहेत. तालुक्याचं गाव, मधोमध देशमुखांचा दोन चौकी दगडी वाडा, त्यात आर्ट्स-कॉमर्स आणि मागं पत्र्याच्या शेडात सायन्स, एवढं पुरे. ओळखणाऱ्यांनी ओळखावं आणि गप बसावं.

हे काही आमच्याच गावचं नवल नाही बरं का. संभाजीनगरला मलिक अंबरानं १६१६ ला बांधलेला नवखंडा महाल आहे तिथं मुलींचं कॉलेज भरतं, औरंगजेबाच्या किलेअर्कात गव्हर्नमेंट कॉलेज आहे. तालुक्याच्या गावात वाडे का, तर निजामाच्या राज्यात आपल्या मराठवाड्यात कॉलेजं होतीच किती, १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, १९५८ ला औरंगाबादला विद्यापीठ निघालं, त्याआधी सगळं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेलं. मग लोकांनी हौसेनं कॉलेजं काढली पण इमारतीला पैसा आणायचा कुठून? गावात मोठी जागा म्हणजे एक तर कचेरी नाहीतर देशमुखाचा वाडा. आमच्या मालकांनी वाडा दिला, तात्पुरता. ते तात्पुरतं अजून चालूच आहे.

आधी खोल्यांची नावं पाठ करा

टाइमटेबलवर रूम नंबर ७ असं लिहिलेलं असतं. सात नंबर कुठंय हे प्राचार्यांना पण सांगता येणार नाही, कारण नंबर तीनदा बदललेत आणि जुन्या पाट्या कुणी काढल्या नाहीत, त्यामुळं सात नंबरच्या दोन खोल्या आहेत. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या सातमध्ये जाऊन बसले आणि पाऊण तास बीकॉमचं अकाउंट ऐकलं, उठून जायची लाज वाटली म्हणून. तिथं सगळे जुन्या नावानंच बोलतात. दरवाजातून आत आलं की जी झाकलेली जागा लागते ती ढेलज, नोटीस बोर्ड आणि शिपाई मामांची खुर्ची तिथंच असते. पहिल्या चौकात समोर उंच जोत्यावर सदर, सगळ्यात मोठी खोली, मराठीचे आणि हिस्ट्रीचे कॉमन लेक्चर तिथं होतात. डावीकडं दप्तरखाना म्हणजे ऑफिस. उजवीकडं पागा, पूर्वी घोडे बांधायचे, आता एफवायचा वर्ग भरतो, त्यावरचे जोक तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतील. दुसऱ्या चौकात माजघर म्हणजे लायब्ररी. तिच्या बाजूला बाळंतिणीची खोली, बिनखिडकीची आणि अंधारी, तिथं झेरॉक्स मशीन आणि परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिका. वर माडी. मागं परसू, त्यात आड, बाथरूम आणि सायन्सचं शेड.

कुणी म्हणालं "सर माजघरात बसलेत" तर हसू नका, सर खरंच लायब्ररीत असतात.

दरवाजाचं सांगायचंच राहिलं. मोठा दरवाजा फक्त १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारीला उघडतात. एरवी त्यातली दिंडी चालू, ती साडेचार फुटाची, आणि उंबरा गुडघ्याला लागेल एवढा उंच. मान खाली आणि पाय वर एकाच वेळेला करायचं. मोबाईल बघत शिरणाऱ्याचं कपाळ फुटतंच, दिंडीच्या वरच्या लाकडाला तेलकट काळा डाग पडलाय तो सगळा आपल्याच पोरांच्या डोक्यांचा. उंच पोरांनी विशेष लक्ष द्या.

कोणत्या महिन्यात कुठं बसायचं

हे कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच आहे.

वाड्याच्या खालच्या भिंती दोन-अडीच हात रुंद, दगड-मातीच्या. असली भिंत तापायला पण वेळ लावते आणि निवायला पण. म्हणून एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीसच्या वर ऊन असतं तेव्हा दुपारी दोनला सदर आणि माजघर गार असतं. अभ्यासाला घरी पंख्याखाली लोळण्यापेक्षा सरळ लायब्ररीत येऊन बसा, मी सहाच्या सहा सेमिस्टरचा अभ्यास तिथंच केला. उलट रात्री आठनंतर त्याच भिंती दिवसभराची उष्णता बाहेर टाकायला लागतात, म्हणून गॅदरिंगची प्रॅक्टिस संध्याकाळी आत ठेवू नका, चौकात ठेवा.

माडीवर उन्हाळ्यात जाऊच नका. तिथं पूर्वी माळवद होतं. ज्यांनी माळवदाचं घर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, खाली सागवानी तुळया, त्यावर लादनी म्हणजे लाकडी फळ्या, त्यावर पाला-काटक्यांचा थर आणि वर हात-दीड हात पांढरी माती. आता माडीवर पत्रे आहेत. का ते पुढं सांगते. पत्र्याखाली मे महिन्यात इकॉनॉमिक्सचं लेक्चर म्हणजे भाकरी तव्यावर टाकल्यासारखं, एका बाजूनं झाली की दुसऱ्या बाजूनं.

पावसाळ्यात उलटं होतं. पत्र्याची माडी कोरडी राहते (आवाज मात्र एवढा की सरांचे नुसते ओठ हलताना दिसतात) आणि पागेवर अजून जुनं माळवदच आहे ते गळतं. माळवद गळू नये म्हणून मृगाच्या आधी वर चढून गवत उपटायचं असतं, घुशीची बिळं बुजवायची असतात, नवी पांढरी माती टाकून चोपायची असते. पूर्वी घरोघर माणसं हे करायची. आता कॉलेजात ते काम कुणाच्या खात्यात येतं हेच ठरलेलं नाही, म्हणून दरवर्षी जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला की पागेत बादल्या येतात. पागेत बसताना तिसऱ्या खांबाच्या मागं बसा. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मधोमध जी जागा मोकळी दिसते ती मोकळी का आहे याचा विचार करा आणि मगच बॅग ठेवा. मातीचं पाणी असतं, कुर्त्यावर पडलं तर डाग निघत नाही. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत. आणि भिंत ओली दिसली तर तिथल्या बटणाला हात लावायचा नाही, जुनी वायरिंग आहे, मामांना हाक मारायची.

चौकातली फरशी श्रावणात शेवाळते. एका सीनियर ताईचा हात मोडलाय तिथं. कडेनं चाला.

हिवाळ्यात आतून बाहेर यायचं. परभणीचा पारा चार-पाचवर जातो त्या दिवसात आमच्या इथं पण सकाळी साडेसातच्या लेक्चरला पेन धरवत नाही, आणि सदरेत तर फ्रीजमध्ये बसल्यागत होतं कारण त्या भिंतींना ऊन पोचतच नाही. चांगले सर असतील तर वर्ग चौकात आणतात. नसतील आणत तर कुणीतरी धीट पोरीनं उठून विचारायचं, "सर, उन्हात बसायचं का?" मी तीन वर्षं हे काम केलं, एकदाच नाही म्हणाले. चौकात ऊन आधी पश्चिमेच्या ओट्यावर येतं, नऊच्या सुमाराला तुळशीपर्यंत पोचतं. लवकर आलात तर पश्चिमेचा ओटा धरा.

आतले रहिवासी

दगडी भिंत, सांदी, लाकूड, ओल. म्हणजे विंचू, घोण आणि कधीकधी साप. घाबरवत नाही पण भिंतीतल्या कोनाड्यात न बघता हात घालायचा नाही. वर्गाबाहेर काढलेली चप्पल झटकल्याशिवाय घालायची नाही, एनसीसीच्या पोरांनी बूट तर दोनदा झटका. विंचू चावला तर झाडपाला, मंत्र असलं काही करत बसू नका, सरळ सरकारी दवाखाना. विंचवाच्या विषावर प्राझोसिन नावाची गोळी कशी जीव वाचवते हे ज्यांनी दाखवून दिलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, देहेडचे, म्हणजे आपल्या माणसानं जगाला शिकवलं आणि आपण अजून कांदा चोळत बसायचं का? साप दिसला तर दांडकं शोधू नका, लांब व्हा, मामांकडं सर्पमित्राचा नंबर आहे.

मोठ्या दरवाजाच्या कमानीत आग्यामोहोळ लागतं. दगड मारायचा नाही, खाली धूर करायचा नाही, फटाका तर अजिबात नाही. गणपतीत एकदा बाहेरच्या पोरांनी माळ लावली आणि त्या दिवशी कॉलेजला कंपलसरी सुट्टी मिळाली, पण त्यातले चार जण अ‍ॅडमिट होते.

वटवाघळं माडीच्या जिन्यात. ती काही करत नाहीत, वास तेवढा येतो, आठ दिवसात नाकाला सवय होते. घरचे म्हणतात तुझ्या ओढणीला कसला वास येतोय, ते वेगळं.

ओटीपी कुठं येतो

भिंती एवढ्या जाड की आत नेटवर्क येत नाही. ऐकायला गंमत वाटते पण स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या वेळेला रडायला येतं. महाडीबीटीचा फॉर्म भरताना मी दप्तरखान्यात कॉम्प्युटरवर, मोबाईल हातात, ओटीपी येईना. पळत चौकात आले, ओटीपी आला, पळत आत गेले, वेळ संपली. असं तीनदा. चौथ्या वेळेला मैत्रिणीला आत बसवलं आणि मी चौकातून आकडे ओरडून सांगितले, अख्ख्या कॉलेजला माझा ओटीपी माहीत झाला. तर असं करायचं, फॉर्म दोघींनी मिळून भरायचा, एक आत एक बाहेर. रेंजच्या जागा तीन आहेत: पश्चिमेच्या ओट्याचं टोक, आडाचा कठडा (त्यावर बसायचं नाही, बाजूला उभं राहायचं), आणि माडीची पहिली खिडकी.

स्कॉलरशिपवरून आठवलं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, नुसतं खातं असून भागत नाही. बँकेत जाऊन आधार सीडिंग झालंय का ते जुलैतच विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा काढा, तहसीलला सप्टेंबरात रांग लागते. आणि एसटीच्या पासासाठी बोनाफाईड पहिल्याच आठवड्यात मागा, विद्यार्थी पासाला तिकिटाच्या एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात, पण दप्तरखान्यात शिक्का मारणारे बाबू गुरुवारी बाजारात असतात.

भिंतींकडं बघायची सवय लावा

इथं थोडं सिरियसली वाचा.

माडीवरचं माळवद का काढलं ते सांगते म्हणाले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र, लोकं दमून झोपलेली. आम्ही कुणी जन्मलो पण नव्हतो, पण माझी आजी औशाकडची, तिच्या माहेरची सात माणसं एका घरात गेली. ती म्हणायची, जमिनीनं नाही मारलं गं, घरानं मारलं. आणि ते खरंच होतं. आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे आतून एक दगडाची रांग, बाहेरून एक, आणि मधे गोटे-माती भरलेली. दोन्ही रांगा एकमेकीत अडकवणारे लांब दगड टाकलेले नसतील तर हादरा बसला की त्या वेगळ्या होऊन कोसळतात आणि वर माळवदाचं शेकडो मण वजन असतं ते सगळं खाली येतं. दरवर्षी गळू नये म्हणून माती टाकत गेलेले असतात ना, ते वजन. त्या भूकंपानंतर गावोगाव लोकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले, आमच्या माडीचं पण तसंच. पागेचं राहिलं.

आता लगेच घाबरून नाव काढून घेऊ नका. मोठ्या वाड्यांचं काम साध्या घरापेक्षा चांगलं असतं, जोतं चिरेबंदी, कोपऱ्याचे दगड घडीव, लाकडी खांब-तुळया भिंतीच्या आधाराला. पण बघत राहायचं. भिंतीचं पोट बाहेर आल्यासारखं दिसतंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, दार पूर्वी लागायचं ते आता अडकायला लागलंय का, तुळईच्या टोकाला वाळवीची माती दिसते का. आमच्या एनएसएसच्या मॅडमनी एक सोपी गोष्ट शिकवली. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची रेघ मारायची आणि तारीख लिहायची. दोन महिन्यांनी भेग रेघेच्या पुढं गेली तर ती जिवंत आहे, फोटो काढून लेखी कळवायचं. नाही गेली तर जुनी आहे, तरी वर्षातून एकदा बघायची. सदरेच्या मागं माझ्या हातची तारीख अजून आहे.

आणि २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या पुढं हिंगोली-नांदेड-परभणीकडं ४.५ चा धक्का बसला तेव्हा आम्हाला कळलं की हे नुसतं आजीच्या गोष्टीतलं नाही. वर्ग भरलेला असताना झालं तर? दाराजवळ असाल तर चौकाच्या मधोमध जा, कडेला नाही, कडेला वरून सज्जा येतो. आत अडकलात तर बेंचखाली, डोकं हातांनी झाकून. जिन्यात घुसायचं नाही, आमचा जिना एका माणसाचा आहे, तिथं शंभर पोरं गेली तर भूकंपाची गरज पडणार नाही.

सज्ज्याचं पण बोलायलाच पाहिजे. गॅदरिंगला सगळ्यांना वरून बघायचं असतं. मी सेकंड इयरला होते तेव्हा सज्ज्यावर पन्नास-साठ जणं चढली आणि गाण्याला पाय आपटायला लागली, मधली फळी कडकडली आणि एका पोराचा पाय मांडीपर्यंत खाली आला. खाली तबल्याची जोडी होती, त्यावर लाकडाचा भुसा पडला बस. पोरगा वाचला. पण दुसऱ्या दिवशी काय झालं तर सज्ज्यावर खिळे मारून एक पाटी लावली, "चढू नये", आणि ते खिळे पण त्याच कुजक्या फळीत. तर पाटीवर विश्वास ठेवू नका, सरळ चढू नका. ओट्यावरून पण सगळं दिसतं.

गुप्तधन, भुतं, पेव

तुम्हाला पहिल्या महिन्यात तीन गोष्टी सांगितल्या जातील: की तळघरातून भुयार निघून थेट किल्ल्याला जातं, की बाळंतिणीच्या खोलीत रात्री पाळण्याचा आवाज येतो, आणि की मालकांच्या पणजोबांनी सोन्याचा हंडा पुरलाय. मराठवाड्यातल्या प्रत्येक वाड्याला या तीन गोष्टी फुकट मिळतात. पाळण्याचा आवाज झेरॉक्स मशीनच्या पंख्याचा आहे, मी स्वतः ऐकलाय.

भुयार म्हणून जे दाखवतात ते पेव आहे. जमिनीत खोल खणलेला ज्वारी साठवायचा खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, पेवात उतरायचं नाही, पैज लागली तरी नाही. बंद पेवात हवा खराब झालेली असते, आत गेलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला पण तिथंच राहतो. जुने लोक पेव उघडलं की बराच वेळ तसंच ठेवायचे आणि मगच उतरायचे. आमच्या पेवावर लोखंडी जाळी आहे, कुलूप आहे, आणि त्या कुलपाची चावी कुठंय हे सगळ्यांना माहीत आहे. ती माहिती असू द्या, वापरू नका.

पाटीवरचं साल

हिस्ट्री घेतलेल्यांसाठी, पण इतरांनी वाचलं तरी चालेल. दुसऱ्या चौकात चौकटीवर दगडात उर्दूत काहीतरी कोरलंय आणि खाली आकडा १३३८. आमच्या बॅचच्या एकानं सेमिनारमध्ये छातीठोक सांगितलं की वाडा १३३८ सालचा, म्हणजे यादवांच्या नंतर लगेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर ढेलजेत मामांच्या शेजारी त्यांचे दोस्त चाचा बसलेले, पूर्वी कचेरीत उर्दू नक्कलनवीस होते, ते हसून हसून खोकायला लागले. ते म्हणाले, बेटा, ये फसली है. निजामाच्या राज्यात कारभार फसली सालानं चालायचा. फसलीत ५९० मिळवायचे की इंग्रजी साल, एखादं वर्ष इकडं तिकडं. म्हणजे १३३८ म्हणजे १९२८. वाडा जुना असेल पण ती चौकट शंभर वर्षांची पण नाही. शके लिहिलेलं असेल तर ७८ मिळवायचे. उर्दू आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा की अक्षरं उजवीकडून डावीकडं पण आकडे आपल्यासारखे डावीकडूनच, आणि इंग्रजी व्ही सारखा दिसतो तो सात, उलटा व्ही म्हणजे आठ. एवढ्यावर तुम्ही गावातल्या अर्ध्या पाट्या वाचू शकता.

आणि हो, त्या चौकटीवर बदाम काढून नाव कोरणाऱ्यांनो, शंभर वर्षांनी कुणीतरी तुमचं पण साल चुकीचं वाचणार आहे.

पोरींसाठी, बाथरूमचं

बाथरूम परसात, पूर्ण कॉलेजातल्या पोरींना मिळून दोन. मी आले तेव्हा एकाची कडी तुटलेली आणि नळाला पाणी नाही. पोरी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, मग उन्हाळ्यात चक्कर. आम्ही वर्षभर नुसती कुरकुर केली, तोंडी सांगितलं, "बघू" ऐकलं. मग एका सीनियर ताईनं शिकवलं ते तुम्हाला देते. तोंडी काही सांगायचं नाही. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज, काय पाहिजे ते आकड्यात (कडी एक, बल्ब दोन, पाण्याची टाकी एक, कचऱ्याचा झाकणाचा डबा एक), खाली जमतील तेवढ्या सह्या, आम्ही चौऱ्याऐंशी केल्या. दोन प्रती न्यायच्या. एक दप्तरखान्यात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, बाबू म्हणतील "ठेवा ना, देतो साहेबांना", तरी नाही. आणि वेळ बघायची. नॅकची, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणारी, कमिटी येणार असली की त्याच्या दोन महिने आधी अर्ज टाकायचा. टाकी आठ दिवसात आली.

कुणी त्रास देत असेल, पोरगं असो की आणखी कुणी, तर त्यासाठी वेगळी अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्यातल्या मॅडमची नावं ढेलजेच्या बोर्डावर लावलेली असायला पाहिजेत. नसतील तर तोच तुमचा पहिला अर्ज.

ज्यांच्याशी जमवून घ्यायचं

प्राचार्य येतात-जातात. चाव्या मामांकडं असतात. सदरेची चावी, माडीची, परसाच्या दाराची, सगळ्या एका कडीत, आणि कोणती कुठली ते फक्त त्यांना माहीत, कारण निम्मी कुलपं अजून वीतभर लांबीच्या चावीची आहेत. मामांना आल्या आल्या नमस्कार करायचा, चहा पाजायचा, आणि "ओ शिपाई" असं चुकून पण नाही. समोरच्या गाड्यावर सकाळी सुशीला मिळतो, मुरमुऱ्याचा, वर शेव आणि कच्चा कांदा, मिरचीभजी घेतली तर पोटभर. गाडेवाल्या मावशी उधार ठेवतात पण वही पण ठेवतात.

मालकांच्या घरातले म्हातारे आजोबा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंड्याला येतात. त्यांना सगळे मालक म्हणतात, तुम्ही पण म्हणा. भाषणं झाली की लोक पोहे खायला पळतात आणि ते एकटे चौकात खुर्चीवर बसून राहतात. तेव्हा जाऊन बसा. मी विचारलं होतं, तुम्ही कुठल्या खोलीत झोपायचा लहानपणी? ते काठी टेकत मला पागेत घेऊन गेले, म्हणाले घोडी व्याली की मी इथंच, गवतावर, आई शोधत बसायची. आणि मग वर बघून म्हणाले, हे तर आमच्या वेळेला पण गळायचं.

शेवटची एसटी सहा दहाची. एरवी मामा साडेपाचला दिंडी लावतात, आतून अडसर घालतात आणि स्वतः परसाच्या दारानं जातात. माडीवर बसून राहिलात तर खाली आवाज पोचत नाही, मी एकदा कोंडले गेलेय. छत्री ढेलजेत ठेवू नका, जाते.